भार परवाना, नमुना क

घरासाठी नवीन डेस्कटॉप संगणक घेण्याचा प्रस्ताव माझ्या पत्नीने एका रविवारी सकाळी, भांडी पुसता पुसता, तोंडी मांडला. मी बांधकाम परवानगी विभागात उपप्रमुख असल्याने तोंडी प्रस्तावांची दखल घेत नाही. पण विषय घरचा होता आणि तिच्या हातात तवा होता, म्हणून मी तत्त्वतः मंजुरी दिली.

गरज खरी होती, हे मान्य करायला हवं. ती इमारतींचे नकाशे काढते. बारा वर्षं तिने काढलेल्या नकाशांवर तिच्या साहेबांची सही होत आली. आता शहराच्या नव्या सार्वजनिक वाचनालयासाठी खुली स्पर्धा जाहीर झाली होती आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला स्वतःच्या नावाने आराखडा द्यायचा होता. नकाशे तयार होते. त्यांवरून इमारतीची आठ चित्रं, आतून-बाहेरून, उन्हासावलीसकट, संगणकाकडून करून घ्यायची राहिली होती. मुदत तीस तारखेला संध्याकाळी पाचपर्यंत. त्या दिवशी तारीख होती आठ.

"दुकानातून तयारच आणू या ना," ती म्हणाली. "परवापासून कामाला लागता येईल."

"तयार संगणक कोण घेतं? ज्याला स्वतःचं डोकं नाही तो," मी म्हणालो. माझी आई कोपऱ्यात पेपर वाचत होती. ती पेपराआडून "हं" एवढंच म्हणाली.

सुटे भाग निवडण्यात सहा दिवस गेले. प्रोसेसर मी अगदी नवा, त्याच महिन्यात बाजारात आलेला घेतला. दुकानदार म्हणाला, "साहेब, हा पळतो भन्नाट, पण तापतोही तसाच. कूलर दणकट लावा." मी प्रोसेसरवर बसणारा सर्वांत मोठा कूलर घेतला. पितळी तांब्याएवढा असेल, वजनालाही तेवढाच. जोडणी जेवणाच्या टेबलावर सुरू केली आणि टेबल पुढील आदेशापर्यंत जेवणासाठी बंद ठेवलं. आम्ही उभ्याने जेवू लागलो.

प्रोसेसर आणि कूलर यांच्यामध्ये उष्णता वाहून नेणारी एक करडी पेस्ट लावतात. ती किती लावावी याबद्दल जाणकारांत तीन पंथ आहेत. एक म्हणतो वाटाण्याएवढी, दुसरा म्हणतो फुली मारा, तिसरा म्हणतो लोण्यासारखी पसरा. मी कुणालाच दुखावलं नाही, तिन्ही प्रकारे लावली. मग कूलरच्या तळाकडे वळलो. तिथे एक पारदर्शक प्लास्टिक चिकटवलेलं होतं.

"अरे, त्यावर लिहिलंय की बसवायच्या आधी हे काढा," आई चष्मा वर करून म्हणाली.

"आई, लिहिलेलं सगळं पाळण्यासाठी नसतं. काही केवळ माहितीसाठी असतं. आणि सील तोडलं की हमी जाते."

"ते सील नाहीये रे, नुसतं वेष्टन आहे."

मी हरकत नोंदवून घेतली आणि प्लास्टिकसकट कूलर बसवला.

अठरा तारखेला बटण दाबलं. पंखे फिरले, दिवे लागले, पडद्यावर अक्षरं आली आणि खरं सांगतो, माझा ऊर भरून आला. बसल्या जागी प्रोसेसरचं तापमान अठ्ठावन्न अंश होतं. पत्नीने पहिलं चित्र सुरू केलं. दोन मिनिटांत सत्त्याण्णव अंश झाले आणि संगणक स्वतःहून बंद पडला.

मी तातडीने उपाययोजना हाती घेतली. पेटीची बाजूची झाकणं काढली. आणखी तीन पंखे लावले. आईच्या खोलीतला टेबलफॅन काढून पेटीसमोर ठेवला. "दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला," आई पदराने वारा घेत म्हणाली. मग संगणक घरातल्या सर्वांत थंड खोलीत, म्हणजे आमच्या झोपायच्या खोलीत हलवला आणि आम्ही दोघं बैठकीत सतरंजीवर आलो. माणूस नुसता बसला तरी शंभर वॉटच्या दिव्याएवढी उष्णता सोडतो, असं माझ्या वाचनात आलं. तेव्हापासून त्या खोलीत एका वेळी एकालाच प्रवेश ठेवला, तोही बोलायचं नाही या अटीवर.

दर पंधरा मिनिटांनी मी तापमानाची नोंद वहीत करत होतो. दोन दिवसांच्या नोंदींतून एक गोष्ट सूर्यप्रकाशाइतकी स्पष्ट झाली. संगणकाला कुणी हात लावला नाही, की तापमान बावन्नावर येतं. पत्नी काम करायला बसली रे बसली, की ते चढतं. दोष प्रोसेसरचा नव्हता, कूलरचा नव्हता आणि माझा तर नव्हताच. काम हेच तापाचं मूळ होतं. बावीस वर्षांच्या नोकरीत मला हे आतून जाणवत आलं होतं, पण आकडेवारी आता हाती लागली.

मी भार परवाना सुरू केला. संगणकावर काम करू इच्छिणाऱ्याने नमुना क मध्ये, तीन प्रतींत, अर्ज करायचा. पत्नीने वहीचं पान फाडून अर्ज लिहून दिला. मी परत केला.

"हस्तलिखित अर्ज ग्राह्य नाही. टाईप करून दे."

"कशावर टाईप करू?"

"संगणकावर."

"आणि त्यासाठी?"

"परवाना लागेल."

तिने अर्जाची घडी घातली आणि चहाचं आधण ठेवलं. लग्नाला सोळा वर्षं झाली. ती रागावलेली मी पुष्कळदा पाहिली आहे. या वेळी रागावली नव्हती, म्हणून मी थोडा घाबरलो.

तेवीस तारखेला तिने परस्पर दुकानदाराला बोलावून आणलं. त्याने बॅटरी मारून आत पाहिलं आणि हसू दाबलं. "साहेब, कूलरखालचं प्लास्टिक तसंच राहिलंय. उष्णता बाहेर जाणार कुठून? द्या, दोन मिनिटांत काढतो."

"लेखी द्याल?"

"लेखी? अहो साहेब, प्लास्टिक आहे ते!"

मी त्याला शांतपणे समजावलं. या तापमानाच्या आधारावर वही सुरू झाली आहे, प्रवेशाचे नियम झाले आहेत, नमुना क झाला आहे. आता कारणच काढून टाकलं तर नियमांनी जायचं कुठे? शिवाय प्लास्टिक चुकून राहिलं असं मान्य केलं, तर चूक कुणाची हा प्रश्न उपस्थित होतो. दुकानदार पत्नीकडे बघून हळहळला आणि चहा न घेताच गेला.

आईने आपला जुना लॅपटॉप आणला. त्यावर ती पत्ते खेळते. त्याची बॅटरी मेलेली, दोन बटणं निखळलेली. "घे सूनबाई, हा तापला तर तापू दे. काम करणारं काहीही तापतंच," ती म्हणाली. दोघींनी तो स्वयंपाकघराच्या ओट्यावर दोन वाट्या पालथ्या घालून त्यांवर ठेवला. एकेक चित्राला अकरा-अकरा तास लागले. लॅपटॉप गिरणीसारखा घरघरत होता. माझ्या कूलरच्या रिकाम्या खोक्याचं झाकण फाडून दोघी आळीपाळीने त्याला वारा घालत होत्या, आणि मला स्वयंपाकघरात शिरताना विचारावं लागत होतं. तीस तारखेला तीन वाजता तिने आराखडा जमा केला.

पहिलं बक्षीस तिलाच मिळालं. वर्तमानपत्रात तिचं नाव आलं, पूर्ण नाव, खाली कुणाचीही सही नसलेलं. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? एवढा संगणक जोडला, आणि त्याचा कुठे उल्लेखही नाही. तिने माझ्यासाठी पेढ्याचा एक तुकडा बाजूला काढून ठेवला होता. तो मी उभ्यानेच खाल्ला.

यानंतरचं प्रकरण कार्यालयीन आहे. बक्षीसपात्र वाचनालयाची फाईल बांधकाम परवानगीसाठी माझ्याच टेबलावर आली. अर्जदार माझी पत्नी. नात्यातल्या प्रकरणाला अधिकाऱ्याने हात लावणं नियमबाह्य आहे, म्हणून मी हात लावला नाही. ती दुसऱ्या अधिकाऱ्याकडे पाठवावी, असं कुणी सुचवेल. पण पाठवायची तर उचलावी लागेल, आणि उचलणं म्हणजे हात लावणंच. तेव्हा फाईल शिपायाने ठेवली तिथेच आहे. तिला चौदा महिने झाले.

"काही हललं का?" पत्नी रोज विचारते. आधी दारातच विचारायची. आता जेवताना, ताटाकडे बघत विचारते.

"प्रकरण अंतर्गत आहे," मी सांगतो. तिच्या नावाची ती एकच इमारत आहे, हे मलाही कळतं.

मी निष्ठुर नाही. मार्ग निघावा म्हणून मीच विभागाच्या फलकावर जाहीर सूचना लावली: सदर वाचनालय व्हावं असं कुणाही नागरिकास वाटत असल्यास त्याने साध्या कागदावर, हस्ताक्षरात, एका ओळीचं पत्र द्यावं, एक पत्र आलं तरी फाईल वरिष्ठांकडे आपोआप जाईल. नमुना नाही, तीन प्रती नाहीत. सूचना पेपरातही छापून आणली. या शहरात वाचणारी माणसं पुष्कळ आहेत, असं मी ऐकून होतो. हे वाचणारे आपणही त्यांपैकीच एक, नाहीतर इथवर आला नसता.

तीस दिवसांची मुदत काल संपली. आवक नोंदवहीत मी आलेल्या पत्रांची संख्या लिहिली: शून्य. खाली सही माझी आहे. शून्य तुमचं.