हौसाकाकींचा आकडा

हौसाकाकी दार कोपरानं उघडायच्या. दोन्ही हातांचे अंगठे कामात असायचे. पहिल्यांदा खोली बघायला गेले, तेव्हा त्यांनी कोपरानं कडी सरकवली, पायानं पाट पुढं ढकलला आणि मान वर न करता म्हणाल्या, "बसा बाई. हे एवढं बसलं की बोलते."

हातात भाकरीच्या उलथन्याएवढं एक करड्या रंगाचं यंत्र होतं. त्याच्या पडद्यावर वरून ठोकळे पडत होते, काकी ते वळवून, सरकवून खाली बसवत होत्या. पाच मिनिटांनी यंत्र केविलवाणं वाजलं. काकींनी त्याच्याकडे सवतीकडे बघावं तसं बघितलं आणि मग मला भाडं सांगितलं.

मी वाईची. विट्याच्या शाळेत नोकरी लागली म्हणून काकींच्या घरात पुढची खोली घेतली. माझे यजमान वाईलाच नोकरीला, शनिवारी मुक्कामाला यायचे, रविवारी जेवून जायचे. काकींचे मालक तमिळनाडूत सेलमला. तिथं त्यांचं गलाईचं दुकान, म्हणजे सोनं वितळवून शुद्ध करून द्यायचं. विट्यात घरटी एक तरी माणूस या धंद्यात असाच दूर गेलेला. मालक वर्षातून एकदा, दिवाळीला यायचे. असंच एका दिवाळीला त्यांनी हे खेळाचं यंत्र आणलं होतं. आता ते जुनं झालं होतं. मागचं झाकण हरवलेलं, सेल चिकटपट्टीनं बांधलेले. पण काकी ते म्हशीच्या खालोखाल जपायच्या.

ठोकळ्यांना त्यांनी नावं ठेवली होती. चौकोनी ती 'पेटी', वाकडा तो 'इळा', आणि लांब सरळ काठी म्हणजे 'पाव्हणा'. "हवा तवा येत न्हाई बगा, आन नगं तवा दारात हुबा!" एखादा ठोकळा भलतीकडे पडला की साऱ्या गल्लीला ऐकू जायचं, "बस की रं मुडद्या!" दूध न्यायला येणारा गवळी पहिल्या दिवशी स्वतःलाच म्हणताहेत असं समजून खरंच बसला होता.

काकींचं यंत्र कुणाच्या हातात जायचं नाही. माझ्या मनात मात्र ते पहिल्या दिवसापासून भरलेलं. शाळेतून दमून यावं, तर या बाई उंबऱ्यावर बसून मजेत ठोकळे पाडताहेत. मला जाम हेवा वाटायचा. एवढी शिकलेली मी, आणि मला साधं धरायलाही मिळू नये?

ते मिळालं कुरडयांमुळे. चुलीवर गव्हाचा चीक उतू जायला लागला आणि काकींचा डाव ऐन रंगात. खेळ थांबवायचं बटण होतं, पण काकींचा त्यावर विश्वास नव्हता. "थांबवलं की त्ये आतल्या आत डाव फिरवतंय." शेवटी त्या ओरडल्या, "बाई, धरा हे! मरू दिऊ नगा!"

मी मरू दिलं. पण त्या दिवसापासून काकी स्वयंपाकात असल्या की मला रोज दोन डाव मिळायला लागले. स्वप्नातसुद्धा ठोकळे पडायला लागले. वर्गात मुलींना रांगेत बसवताना कुठं फट राहिलीय ते मी बघायचे.

काकींचा विक्रम नऊ हजारांचा. तो पडद्याच्या कोपऱ्यात दिसायचा, शिवाय भिंतीवरच्या कॅलेंडरवर कोळशानं लिहिलेला. एका गुरुवारी माझे नऊ हजार तीनशे झाले. मी आनंदानं काकींना दाखवायला गेले. त्यांनी बघितलं, भाकरी थापली, तव्यावर टाकली.

"बरं झालं की," एवढंच म्हणाल्या. त्या दिवशी नेहमीची कालवणाची वाटी माझ्याकडे आली नाही.

दुसऱ्या दिवशी पडद्यावर भोपळा. माझा विक्रम पुसला गेला होता. सेल काढले की सगळं पुसलं जातं, हे मला ठाऊक होतं.

"सेल बदललं बाई. जुनं झालं हुतं," काकी दुसरीकडे बघत म्हणाल्या. सेल मात्र तेच होते. त्यावरचा हळदीचा डाग मी ओळखला. आठवडाभर आम्ही एकमेकींशी कामापुरतं बोललो.

त्या शनिवारी माझे यजमान आले नाहीत. म्हणून रविवारी सकाळी मी स्टँडजवळच्या फोनच्या दुकानात गेले. बघते तर काचेच्या खोलीत काकी. मालक दर रविवारी तिथंच फोन करायचे. दार नीट लागत नव्हतं, सगळं ऐकू येत होतं.

"जेवला का? ... खोकला? ... बरं. आन तुमचं किती झालं? ... सात हज्जार? आगं आई गं!" काकी कौतुकानं म्हणाल्या. "माझं कुठलं वं? साडेसहाच्या वर जाईना झालंय. तुमचा हातच न्यारा."

मी थक्क. मालकांनी त्या दिवाळीला दोन यंत्रं घेतली होती, एक स्वतःसाठी, हे मला तेव्हा कळलं.

काकी बाहेर आल्या आणि मला बघून चपापल्या. परत येताना स्वतःच म्हणाल्या, "एकदा खरा आकडा सांगितला हुता. तीन रविवार फोन आला न्हाई. जिकलं की माणूस सांगाय फोन करतंय बाई. हरलं की गप बसतंय. तिकडं एकटं गप बसून काय करायचं त्यानं?"

मला राहवलं नाही. "मग काकी, माझा विक्रम का पुसलात? मलाही जिंकू द्यायचं की!"

"तुमी रोज समोर दिसताय की," काकी म्हणाल्या. "तुमाला कशाला जिकू द्यायचं?"

मला हसू आलं. त्यांच्या यंत्राचा, त्यांच्या नऊ हजारांचा हेवा मी वर्षभर केला होता. पण तेव्हा जो हेवा वाटला, त्यापुढं तो काहीच नव्हता. माझे यजमान दर आठवड्याला येत होते, आणि त्यांच्यासाठी कधी काही हरावं असं माझ्या मनातही आलं नव्हतं.

काकी पुढं निघाल्या होत्या. डोक्यावरचा पदर सावरत, बोटांवर मोजत, पुढच्या रविवारी किती हजार सांगायचे ते ओठांतल्या ओठांत ठरवत.