गप्प बसायचा शनिवार

"बोलायचं नाही, ओरडायचं नाही, हातवारे करायचे नाहीत," फ्रिजवर चिकटवलेला मुलांच्या फुटबॉल लीगचा कागद लोर्नाने तिसऱ्यांदा वाचून दाखवला. "फाटकातच प्रत्येक आईबापाला एकेक लॉलीपॉप देणार आहेत. सामना संपेपर्यंत ते तोंडातून काढायचं नाही."

"आणि चावून संपलं तर?" तिच्या नवऱ्याने, गार्थने विचारलं.

"तर दुसरं देतील. तुझ्यासाठी आख्खी पिशवीच बाजूला काढून ठेवली असेल त्यांनी."

गार्थ प्रूइट ट्रॅक्टरच्या टायरचं दुकान चालवत असे आणि दुकानाच्या या टोकाहून त्या टोकाला फोन न लावता बोलत असे. हाच आवाज दर शनिवारी सकाळी तो इंडियानातल्या मिल्टन फोर्क गावच्या मैदानावर घेऊन जाई. तिथे त्याचा सात वर्षांचा मुलगा कोल्बी 'रॅकून्स' या संघातून अमेरिकन फुटबॉल खेळायचा. कमरेच्या पट्ट्याला दोन फडकी लटकवलेली, ज्याच्या हातात चेंडू त्याचं फडकं ओढलं की खेळ थांबला, असा तो लहानांचा फुटबॉल. पाडापाडी नाही, धक्काबुक्की नाही. जी काही व्हायची ती आईबापांमध्ये.

या हंगामात गार्थला तंबीच्या दोन पिवळ्या चिठ्ठ्या मिळाल्या होत्या. पहिली, प्रशिक्षक गँट यांना "भोपळा" म्हटल्याबद्दल. दुसरी, पंच ओपल स्टकीबाईंना सगळ्या गावादेखत चष्मा घालायचा सल्ला दिल्याबद्दल. ओपलबाईंनी एकतीस वर्षं गावचं टपाल वाटलं होतं आणि एकही पत्र चुकीच्या घरात टाकलं नव्हतं. त्यांना तो सल्ला झोंबला. तिसरी चिठ्ठी मिळाली की उरलेला हंगाम पार्किंगमध्ये, आपल्या गाडीत बसून काढायचा. तिथून मैदान दिसत नाही. दिसते ती हॉटडॉगच्या टपरीची मागची भिंत.

गार्थला याचीच धास्ती होती. त्याचा बाप लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा. गार्थ शाळेत सात वर्षं खेळला आणि बापाने त्यातला एकही सामना पाहिला नाही. म्हणून पोरं झाली तेव्हाच त्याने ठरवून टाकलं होतं, आपण एकही चुकवायचा नाही. अंगात ताप असतानाही तो गोधडी पांघरून मैदानावर बसला होता. आणि नुसतं बसून काय उपयोग? आपण आलोय हे पोराला कळायला नको?

लोर्ना वर कोल्बीचा एक बूट शोधत होती तेवढ्यात गार्थने गॅरेजमध्ये टेसाला गाठलं. टेसा म्हणजे कोल्बीची जुळी बहीण, त्याच संघाच्या चीअरलीडर चमूची म्होरकी. डोक्यावर फुलकोबीएवढा रिबिनीचा बो, गालावर चमकी, हातात जांभळ्या झिरमिळ्यांचे पॉमपॉम.

"टेसा, आज मोठ्यांनी ओरडायचं नाही. पण तुम्ही मुली ओरडणार, हो ना?"

"आमचं कामच आहे ते," टेसा म्हणाली.

"मग ऐक. मी डावा कान ओढला की 'कोल्बी, डावीकडे' म्हणून ओरडायचं. उजवा ओढला की उजवीकडे. टोपी उचलली की 'फडकं ओढ'. कळलं?"

"मला काय मिळणार?"

"आइस्क्रीम."

"ससा," टेसा म्हणाली. नाताळापासून तिचं हेच टुमणं चालू होतं.

वरून बूट सापडल्याची आरोळी आली. वेळ थोडा होता. "बरं, ससा," गार्थ म्हणाला, "पण आईला बोलायचं नाही."

फाटकात गार्थला चेरीचं लॉलीपॉप मिळालं. देणाऱ्या बाईंनी ते त्याच्या हातात न देता थेट तोंडात घातलं. दोन्ही बाजूंचे आईबाप घडीच्या खुर्च्यांवर ओळीने बसले, प्रत्येकाच्या ओठांतून पांढरी काडी बाहेर. मैदानावर अशी शांतता पसरली की गँट प्रशिक्षक दोनदा मागे वळून सगळे आलेत ना ते बघून गेले.

पहिली दहा मिनिटं बेत झकास चालला. गार्थने उजवा कान ओढला, टेसा ओरडली, "कोल्बी, उजवीकडे!" कोल्बी उजवीकडे गेला. टोपी उचलली, "फडकं ओढ!" आणि कोल्बीने खरोखरच समोरच्याचं फडकं ओढून हातात घेतलं. चमूची रीत अशी, की म्होरकी ओरडली की उरलेल्या सात जणींनी तेच पॉमपॉम हलवत म्हणायचं. त्यामुळे गार्थचा हुकूम आता आठ पोरींच्या तोंडून, टाळ्यांच्या ठेक्यात मैदानावर जात होता. इतका मान त्याच्या शब्दाला दुकानातही नव्हता. लोर्नाने दोनतीनदा त्याच्याकडे डोळे बारीक करून पाहिलं. त्याने निष्पाप चेहरा करून लॉलीपॉप चोखलं.

ऑक्टोबरात इंडियानात गोड वस्तू उघड्यावर नेऊ नये, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण लीगच्या कमिटीत शेंबडी पोरं नव्हती. चाळीस लॉलीपॉपांचा वास टपरीमागच्या कचऱ्याच्या पिंपापर्यंत पोचला आणि तिथल्या गांधीलमाश्या मंडळी जमली आहेत कुठे ते बघायला आल्या.

पहिली माशी गार्थच्या डाव्या कानाशी गुणगुणली. त्याने तिला झटकलं.

"कोल्बी, डावीकडे!" टेसा ओरडली. "डावीकडे! डावीकडे!" सात जणी म्हणाल्या.

माशी उजव्या कानावर गेली. "कोल्बी, उजवीकडे!" दुसरी टोपीत शिरली, गार्थने टोपी काढून झटकली. "फडकं ओढ! फडकं ओढ!" कोल्बीजवळ तेव्हा दुसरं कुणीच नव्हतं. आज्ञाधारक पोर, त्याने आपल्याच संघातल्या मुलाचं फडकं ओढलं. तो मुलगा रडायला लागला. तेवढ्यात पुन्हा डावीकडे, उजवीकडे, डावीकडे, टोपी. आता समोरच्या संघातली पोरंही ऐकायला लागली. इतक्या ठामपणे कुणी सांगतंय तर बरोबरच असणार, असं त्यांना वाटलं असावं. दोन्ही संघ मिळून डावीकडे धावले, मिळून उजवीकडे धावले आणि शेवटी मैदानाच्या मधोमध बारा पोरांचा ढीग झाला.

थांब म्हणायची खूण गार्थने ठरवलीच नव्हती. तो खुर्चीवरून उठून दोन्ही हात हलवायला लागला. टेसा गोंधळली. दोन्ही हात म्हणजे काय, हे तिला शिकवलेलं नव्हतं. पण बाबा असा उभा राहून हात हलवतो तेव्हा काय ओरडतो, ते तिला पाठ होतं.

"स्टकीबाई, चष्मा घाला!" ती खणखणीत ओरडली.

"चष्मा घाला! चष्मा घाला!" पॉमपॉम वर, पॉमपॉम खाली.

"गँट भोपळा!"

"भोऽपळा! भोऽपळा!"

मग उरलेल्या पोरींनाही चेव आला. आपापल्या घरचं त्यांनाही पाठ होतंच. "अकरा नंबरला बाहेर काढा!" एक ओरडली, आणि आठही जणींनी ते टाळ्यांवर घेतलं. "घरी चल, बघते तुला!" दुसरी म्हणाली. "घरी चल! घरी चल!" तिसरी म्हणाली, "हा कुणाचा मुलगा, चालताही येत नाही!" आणि शेवटी एक छानशी गिरकी.

खुर्च्यांच्या ओळीत कुणी हललं नाही. अकरा नंबरची आई आपल्या शेजारणीकडे बघत होती आणि शेजारीण आकाशाकडे. चाळीस लॉलीपॉपांचं चोखणं थांबलं होतं. गार्थला कानशिलं तापल्यासारखी वाटली, आणि ते काही माशीने नव्हतं. सात वर्षांच्या पोरीच्या तोंडून हे असं ऐकू येतं तर!

ओपलबाईंनी शिट्टी फुंकली आणि सरळ चीअरलीडरांपुढे जाऊन उभ्या राहिल्या. हातात पिवळ्या चिठ्ठ्यांचं पुस्तक होतं.

"टेसा बाळा, हे तुला कुणी शिकवलं?"

गार्थच्या डोळ्यांपुढे हॉटडॉगच्या टपरीची मागची भिंत उभी राहिली. तीन सामने उरले होते.

"शिकवलं कुणीच नाही," टेसा म्हणाली. कानांबद्दल कुणी विचारलं नव्हतं, म्हणून ते तिने सांगितलं नाही. "दर शनिवारी तेच म्हणतात."

"कोण म्हणतं?"

आठ पॉमपॉम एकदम वर झाले आणि आठ वेगवेगळ्या खुर्च्यांकडे वळले.

ओपलबाईंनी पुस्तकातल्या चिठ्ठ्या मोजल्या. पाचच उरल्या होत्या. त्यांनी खुर्च्यांच्या ओळीवरून सावकाश नजर फिरवली, पुस्तक मिटलं आणि म्हणाल्या, "आज यांतल्या एकाही मोठ्या माणसाने तोंड उघडलेलं मी ऐकलं नाही. मुलींनो, आता फक्त 'चला रॅकून्स' म्हणायचं. बाकीचं घरी ठेवायचं." मग खिशात हात घालून त्यांनी चष्मा काढला, रुमालाने पुसला आणि गार्थकडे बघत डोळ्यांवर चढवला. "प्रूइट, खाली बसा. आता तुम्ही मला स्वच्छ दिसताय."

गार्थचा जीव भांड्यात पडला. तो दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसला. एक माशी नाकावर येऊन बसली, तरी हलला नाही.

शेवटची दोन मिनिटं होती. कसा कोण जाणे, चेंडू कोल्बीच्या हातात आला. हंगामात पहिल्यांदाच. तो थांबला आणि सवयीने त्याने बापाकडे पाहिलं. कुठे पळू? गार्थ ते डोळे बघत होता आणि मांड्यांखालचे हात त्याने आणखी घट्ट दाबले. त्याला तो क्षण फार लांब वाटला. मग कोल्बीने एकदा डावीकडे पाहिलं, एकदा उजवीकडे, आणि तो आपला आपण सरळ मधून सुटला. एक चुकवला, दुसरा चुकवला, समोर मोकळं मैदान!

"पळ रे माझ्या राजा! पळ! बघू नकोस, पळ!"

सगळं मैदान दचकलं. खुर्ची उलटी पडली होती, लॉलीपॉप तीन खुर्च्या पलीकडे एका टकलावर जाऊन चिकटलं होतं, आणि लोर्ना, इतकी वर्षं गार्थला "हळू बोल" म्हणत आलेली लोर्ना, दोन्ही मुठी हवेत उगारून रेषेवर नाचत होती. कोल्बीने असा आवाज जन्मात ऐकला नव्हता. जिथे गुण मिळतो ती रेषा दोन यार्डांवर असताना तो कोण ओरडतंय ते बघायला थांबला. मागून आलेल्या पोराने हळूच त्याचं फडकं काढून घेतलं.

ओपलबाईंनी चिठ्ठी फाडून लोर्नाच्या हातात दिली.

परत जाताना व्हॅनमध्ये लोर्ना मांडीवरच्या पिवळ्या चिठ्ठीची घडी घालत होती आणि उलगडत होती.

"पहिलीच आहे," गार्थ तिला म्हणाला. "आणखी एक चालते. मी अनुभवाने सांगतो."

"गप्प बस," लोर्ना म्हणाली आणि तिलाच हसू फुटलं.

"बाबा," मागून कोल्बी म्हणाला, "कुठे पळायचं ते तू आज सांगितलंच नाहीस."

"नाही सांगितलं."

"मग मला कसं कळलं?"

गार्थने आरशातून मागे कोल्बीकडे पाहिलं. छातीवरचं ओझं कुणीतरी उतरवून खाली ठेवल्यासारखं त्याला वाटत होतं. आपण न ओरडताही पोराने बरोबर आपल्याकडेच पाहिलं होतं. आपण आलोय हे त्याला कळलेलं होतं. आणि पुढचे तिन्ही सामने तो पाहणार होता.

"पुढच्या शनिवारी पण तू असाच बस," कोल्बी म्हणाला. "आईला मात्र दोन लॉलीपॉप द्यायला सांग."

"आणि ससा आज आणायचा की उद्या?" टेसाने विचारलं.

लोर्नाने घडी घालायचं थांबवलं. "कसला ससा?"

गार्थने समोरच्या खणातून लॉलीपॉपची उरलेली काडी काढली आणि गुपचूप तोंडात धरली.