माहेरची ऊब

नव्या कचेरीच्या इमारतीत हीटर नव्हता आणि आर्किटेक्टला नेमका त्याचाच अभिमान होता. छतावर सोलर पॅनेल, भिंतींत वीतभर जाड अस्तर, खिडक्यांना तिहेरी काचा. वापरलेली वीज छतावर बनलेल्या विजेहून जास्त झाली नाही, की इमारतीला 'शून्य ऊर्जा' प्रमाणपत्र मिळणार होतं. उरलेली ऊब आत बसणाऱ्या माणसांच्या अंगातून मिळणार, असा हिशेब त्याच्या संगणकाने मांडला होता. आपल्या कर्मचाऱ्यांकडून एवढी कामगिरी तरी नक्की होईल, असं साहेबांनाही वाटलं.

मग साहेबांनी स्वतःचं डोकं चालवलं. दिवे माणसं लावतात, लिफ्टने माणसंच चढतात, म्हणजे वीज खातात ती माणसंच. त्यांनी सगळ्यांना घरून काम करायला सांगितलं. ऐन थंडीत विजेचा आकडा शून्याखाली गेला आणि इमारतीतला पाराही भक्तिभावाने त्याच्यामागे निघाला.

प्रमाणपत्राची तपासणी उद्यावर आली, तेव्हा आत बोलताना तोंडातून वाफ निघत होती. हीटर आणला तर शून्य हुकणार, नाही आणला तर इमारत बसण्यालायक ठरणार नाही. कर्मचाऱ्यांना बोलवावं, तर गारठ्याची बातमी लागताच सगळ्यांना एकदम ताप आला होता.

"प्रमाणपत्र गेलं, तर तुम्हीही गेलात," साहेबांनी आर्किटेक्टला मायेने सांगितलं.

आर्किटेक्ट घरी येऊन डोक्याला हात लावून बसला. बायकोने सगळं ऐकून घेतलं.

"माझ्या माहेरचे नुसते बसून असतात, असं तुम्हीच म्हणता ना? मग न्या त्यांना."

दुसऱ्या दिवशी सकाळीच माहेर कचेरीत दाखल झालं. सासरे, तीन मावश्या, त्यांचे यजमान आणि मेव्हणा. मेव्हणा कित्येक वर्षं नोकरी शोधत होता, तीही बसल्या जागेवरून. तो काही बोलून घोटाळा करील, म्हणून आर्किटेक्टने त्याला मीटिंगच्या छोट्या खोलीत बंद केलं.

हॉल ऊब धरू लागला. तेवढ्यात सासऱ्यांनी जमिनीच्या वाटणीचा विषय काढला. पारा इतका चढला, की खिडक्या यंत्राच्या हुकमाने आपोआप उघडल्या आणि गारठा आत घुसला. मावश्यांनी ढकलून त्या लावल्या, यंत्राने पुन्हा उघडल्या. या झटापटीतच तपासनीस बाई दारात उभ्या राहिल्या.

त्यांनी हॉलमध्ये मीटर धरून कपाळाला आठ्या घातल्या. मग छोट्या खोलीत शिरल्या आणि बराच वेळ बाहेर आल्याच नाहीत.

"खोलीतला पारा नेमका हवा तिथे आहे, जराही हलत नाही," बाई बाहेर येऊन म्हणाल्या. "आतले गृहस्थ रोज असेच बसतात?"

"रोज," सासरे म्हणाले. मुलाबद्दल अभिमानाने बोलण्याची त्यांची ही पहिलीच वेळ होती.

छोट्या खोलीतल्या आकड्यावर प्रमाणपत्र मिळालं. साहेबांनी मेव्हण्याला तिथल्या तिथे 'उष्णता व्यवस्थापक' नेमलं, केबिनसकट. मग ते आर्किटेक्टकडे वळले. इमारत तर उत्तम झाली, तेव्हा आता तुमचं इथे काय काम उरलं, असं त्यांनी अगदी मनापासून विचारलं.

हल्ली आर्किटेक्ट घरीच असतो. परवा तो सोफ्यावर नुसता बसलेला पाहून बायकोला त्याची दया आली.

"दादाला सांगून बघू का?" ती म्हणाली. "त्याच्या हाताखाली एखादी गार खोली असेल."