सहा नंबरच्या खाटेची लाल फीत

"संपदा, लाल रंग घेऊ नकोस गं. पिवळा घे, हिरवा घे. लाल काही बांधलंस की लोक हात जोडतील!"

माझ्या सासूबाई मेथी निवडता निवडता म्हणाल्या होत्या. मी हसले. चक्क हसले! "अहो आई, हॉस्पिटल आहे ते, गोदाकाठ नाही!" असं वर ऐकवलंसुद्धा.

कारण धोका ओळखण्यात माझा हात धरणारं अख्ख्या नाशकात कोणी नाही, याची मला पक्की खात्री होती. माझी ओवी अडीच वर्षांची. घरातल्या प्रत्येक टेबलाच्या कोपऱ्याला मी रबर चिकटवलंय. द्राक्षं तिला उभी चिरून, चार फोडी करून देते. (बाबा, म्हणजे माझे सासरे, म्हणतात की द्राक्षांच्या गावात राहून हा द्राक्षांचा अपमान आहे.) ती पडली तर लागू नये म्हणून हॉलभर फोमची जाड चटई अंथरलीय. अशा बाईला हॉस्पिटलने रुग्ण-सुरक्षा अधिकारी नेमलं नसतं तरच नवल!

माझी योजनाही झकास. केबिनमध्ये बसून धोके दिसत नाहीत, ते वॉर्डात दिवसभर राबणाऱ्यांना दिसतात. म्हणून सिस्टर, मावशी, वॉर्डबॉय, सगळ्यांना मी लाल फितीची रिळं वाटली. "पेशंटला इजा होईल असं जिथे वाटेल तिथे फीत बांधा. कोणाला विचारू नका, कोणी रागावणार नाही. आणि नातेवाइकांना तिथून लांब ठेवा!"

पहिल्याच दिवशी फिती फडफडायला लागल्या. डुलणारा सलाइनचा स्टँड, फीत! ब्रेक न लागणारी व्हीलचेअर, फीत! आणि सगळ्यात मोठी शिकार म्हणजे महिला वॉर्डातली सहा नंबरची खाट. तिचा कठडा वर केला की बसल्यासारखा वाटायचा आणि जरा टेकलं की धाडकन खाली. मागच्या महिन्यात एक आजी तिथून पडता पडता वाचल्या होत्या. वॉर्डातल्या कुसामावशींनी तिला फीत बांधली आणि मी टाळ्या वाजवल्या. सातपूरहून मिस्त्री येईपर्यंत त्या खाटेवर कोणीही झोपायचं नाही, एवढीच माझी अट. फक्त एवढीच!

दुसऱ्या दिवशी सकाळी वॉर्डात शिरले तर खाटेच्या पायाशी नारळ! फितीला हळद-कुंकू! आणि भिंतीवरच्या ऑक्सिजनच्या नळाजवळ, हातभर अंतरावर, पेटलेली उदबत्ती!

मी अशी किंचाळले की भूल दिलेला पेशंटसुद्धा उठून बसला असता. उदबत्ती बेसिनमध्ये विझवली आणि कुसामावशींना गाठलं.

"मावशी, हे काय आहे?"

"म्याडम, तुम्हीच म्हणल्या ना, लोकांना लांब ठेवा."

"मग?"

"मग काय! धोका हाय म्हणलं तर लोक मुद्दाम हात लावून बघतात, खराच हाय का म्हणून. मी सांगितलं, देवाचं हाय. आता बघा, कोणी हात लावत नाय. चपला काढून लांब उभे ऱ्हातात."

खरंच लांब उभे होते. रांगेत!

त्यात सिस्टर निकिताने भर घातली, तिच्याही नकळत. सहा नंबरवरच्या पेशंटला तिने फीत बांधल्या बांधल्या वरच्या मजल्यावर हलवलं होतं. नातेवाइकांना काय दिसलं? फीत बांधली आणि बाई गेल्या! मग देवळ्याच्या एका काकूंनी आपल्या सुनेला गुपचूप त्या खाटेवर निजवलं. निकिताने तिलाही वर नेलं, आणि तिच्यामागून निजलेल्या बायकांनाही. झालं! 'सहा नंबरवर निजलं की लगेच सुट्टी!' बातमी सटाण्यापर्यंत पोचली असावी, कारण खाट रिकामी आहे का, असं विचारणारा अहिराणीतला फोन रिसेप्शनवर आला, "ताई, ती सहा नंबरनी खाट खाली शे का?"

"अहो, त्या बऱ्या होऊन घरी नाही गेल्या, वरच्या मजल्यावर आहेत!" मी घसा फोडून सांगितलं.

"वर नेलं म्हणजे सुधारणाच की!" देवळ्याच्या काकू म्हणाल्या.

शेवटी वैतागून मी फीतच सोडून टाकली. बाप रे! जणू मी कळसच उतरवला! दुपारपर्यंत लोकांनी साडीचे काठ, रुमाल, ओढण्या, मिळेल ते लाल कापड फाडून प्रत्येक खाटेला, प्रत्येक स्टँडला, व्हीलचेअरला आणि पाण्याच्या कूलरलासुद्धा बांधून टाकलं. आता धोक्याची फीत कुठली आणि श्रद्धेची कुठली?

"मॅडम," निकिता म्हणाली, "आता अख्खा वॉर्डच धोका आहे."

आमचे मोठे डॉक्टर धावत आले. हॉस्पिटल त्यांचंच.

"ब्रेक नसलेली व्हीलचेअर कुठली?"

"सर, सगळ्यांनाच फिती आहेत..."

"मग त्यात काय? बसून बघायचं!"

ते बसले. नेमकी तीच निघाली. रॅम्पवरून डॉक्टर थेट पार्किंगपर्यंत गेले आणि वाटेत दोन्ही बाजूंच्या लोकांनी त्यांना मनोभावे हात जोडले!

तेवढ्यात घरून फोन. सासूबाई पडल्या! कशावरून? माझ्या फोमच्या चटईवरून! पुसलेल्या ओल्या फरशीवर चटई सरकली आणि त्यांचा घोटा मोडला. माझा नवरा आल्हाद नेमका पुण्याला. शेजाऱ्यांनी त्यांना गाडीतून आमच्याच हॉस्पिटलात आणलं, बाबा ओवीजवळ थांबले. प्लास्टर झालं, एक दिवस राहायला सांगितलं. पण खाट कुठे? वरचा मजला फुल्ल. आम्हीच भरला होता ना!

सासूबाईंनी वॉर्डावर नजर फिरवली. "ती सहा नंबरची रिकामी दिसतेय."

"आई! लोक हात जोडतील असं तुम्हीच म्हणाला होतात ना?"

"म्हणाले होते. माझा कुठे विश्वास आहे? पण लवकर घरी गेलेलं कोणाला नको असतं?"

"अहो, कठडा पडतो तिचा!"

"मग तू धर. सुरक्षा अधिकारी आहेस ना?"

मी तोंड उघडेपर्यंत कुसामावशी आणि देवळ्याच्या काकूंनी त्यांना उचलून निजवलंसुद्धा. "म्याडमची सासू हाय, पहिला मान त्यांचा!"

तर हे सगळं मी सहा नंबरशेजारी स्टुलावर बसून, डाव्या हाताने कठडा धरून, उजव्या हाताच्या अंगठ्याने मोबाइलवर लिहितेय. मिस्त्री फोन उचलत नाही. सासूबाई घोरताहेत. येणारा-जाणारा कठड्याला नमस्कार करतो आणि कठडा माझ्या हातात असल्यामुळे अर्धा नमस्कार मलाच पोचतो. देवळ्याच्या काकूंनी तर माझ्या कपाळालाही कुंकू टेकवलं!

मघाशी घरी फोन केला.

"बाबा, आधी ती चटई गुंडाळून ठेवा!"

"गुंडाळायची कशाला? तुझ्या टेबलावर लाल फीत सापडली, ती बांधली तिला. तुझीच पद्धत!"

"आणि ओवी?"

"ओवी ना? गुणी आहे हो पोर! फीत बघितल्यापासून चटईवर जाऊन जयजय करतेय. पळत जाते आणि दणकन डोकं टेकवते!"

मला कठडा सोडता येत नाही. तेव्हा वाचकहो, तुमच्यापैकी कोणी गंगापूर रोडच्या आसपास राहत असेल तर कृपा करून आमच्याकडे डोकावा. पहिला मजला, दाराला पितळी घंटा. माझी ओवी ठीक आहे ना, एवढं बघून या. बाबा द्राक्षं देत असतील तर उभ्या चार फोडी! आणि हो, चटईवर पाय ठेवू नका. नमस्कार करायचाच असेल तर दारातूनच करा.