दिगंबर मास्तर आणि कुलूपबंद दवाखाना

पाटी दिसली की ती मोठ्यानं वाचायची आणि मग आत शिरून तिची झडती घ्यायची, हा आमच्या दिगंबर मास्तरांचा धर्म. जिलेबीच्या दुकानावर 'शुद्ध तूप' दिसलं की मास्तर थेट कढईपाशी. "लिहिलंय ना? मग दाखवा डबा." हलवाई बिचारा डबा दाखवायचा. बँकेत 'ग्राहक आमचा देव' वाचून त्यांनी मॅनेजरला विचारलं होतं की देवाला बसायला खुर्ची का नाही. बऱ्हाणपुरात आमच्या गल्लीत ते वरच्या खोलीत एकटेच राहतात. लग्न केलं नाही. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाले, पण पोरांवरचा आवाज काही निवृत्त झाला नाही.

त्यांची धाकटी बहीण इंदूताई देडतलाईच्या पलीकडच्या एका खेड्यात दिली आहे. त्या खेड्याचं गुरं चरायचं रान सौर ऊर्जेच्या कंपनीनं घेतलं. भोवती तारेचं कुंपण, आत नजर पोचेल तिथवर काचेचे पत्रे. रानाच्या बदल्यात गावाचा विकास करू, असं कंपनीनं ग्रामसभेत कबूल केलं होतं. विकास म्हणून आल्या कंपनीचं नाव छापलेल्या टोप्या, आणि एक खोली. खोलीवर पाटी, 'महिला एवं शिशु आरोग्य कक्ष, ग्रामवासियों को समर्पित'. फीत कापली, फोटो निघाले आणि दाराला कुलूप लागलं. आत कंपनीनं आपली खोकी रचली.

मास्तर बहिणीकडे गेले असताना तिच्या सुनेला कळा सुटल्या. दुसरं काही मिळेना, म्हणून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गोधड्या टाकून तिला खकनारच्या दवाखान्यात न्यायला निघाले. ट्रॉली त्या पाटीसमोरूनच गेली. पुढच्या चढावर, खडीच्या रस्त्यावर, बाळ झालं. मास्तर पाठ फिरवून छत्री धरून उभे होते. आई आणि मुलगी दोघी वाचल्या, हे नशीब. परत आल्यावर मास्तर मला एवढंच म्हणाले, "त्या कुलपाला मी सोडणार नाही."

कंपनीकडे खेपा झाल्या. दरवेळी एकच उत्तर, प्रोसेस में है. मग त्याच खोलीसमोर कंपनीनं दप्तरवाटपाचा समारंभ ठेवला, इंदूरहून मोठे साहेब येणार होते. मास्तरांनी मला मोटारसायकल काढायला लावली. गावात पोचल्यावर बहिणीच्या अंगणातली खाट उचलली, एक बाजू माझ्या खांद्यावर दिली, आणि मांडवातून चालत जाऊन ती कुलपासमोर टाकून तिच्यावर आडवे झाले. लोक हसले. मीही हसलो.

साहेब वाकून म्हणाले, "बाबूजी, तबीयत ठीक नहीं है क्या?"

"नाही ठीक. म्हणून तर दवाखान्यात आलोय. लिहिलंय ना? मग दाखवा."

किल्ली कोणाकडे होती ते कोणालाच ठाऊक नव्हतं. साहेबांचा चेहरा बदलला. गावासाठी इतकं करतो तरी लोकांना कदर नाही, असं ते म्हणाले आणि पोलिसांचं नाव काढलं. तेव्हा मास्तर उठून बसले. आवाज मात्र चढला नव्हता.

"कदर कशाची? आमचं रान घेतलंत, त्याच्या बदल्यात ही खोली कबूल केलीत. ही खैरात नाही साहेब. माझ्या भाचसुनेचं बाळंतपण रस्त्यावर झालं, आणि या छपराखाली तुमची खोकी सुखात झोपली होती."

आता कोणी हसत नव्हतं. इंदूताई सुनेला घेऊन आली आणि खाटेशेजारी मांडी घालून बसली. सुनेच्या मांडीवर तान्ही. मग एकेक करत गावच्या बाया उठल्या आणि येऊन बसल्या. दप्तरं टेबलावर तशीच राहिली. शेवटी साहेबांनीच माणूस बोलावून कुलूप तोडायला लावलं. खोकी बाहेर निघाली तेव्हा धुळीनं सगळे खोकत होते. खाटेवर बसलेले मास्तर सोडून.

डॉक्टर अजूनही आलेला नाही. तो राग आमच्या पोटात आहेच आणि कंपनीकडे खेपाही चालू आहेत. पण दर मंगळवारी एक नर्सबाई येतात, बायकांना तपासतात, गोळ्या देतात.

मास्तरही दर मंगळवारी सकाळच्या बसनं जातात. का, तर कंपनीवर लक्ष ठेवायला. एकदा मीही सोबत गेलो. बघतो तर मास्तर बायकांच्या रांगेत, सगळ्यांच्या शेवटी. नंबर आल्यावर त्यांनी मुकाट्यानं बाही वर केली.

"काका, तुमचं बीपी तर एकदम बरोबर असतं," नर्सबाई म्हणाल्या. "परत कशाला आलात?"

"मशीन नीट चालतंय का बघायला."

त्या हसल्या. पट्टा सोडता सोडता त्यांनी विचारलं, "आज सकाळी काही खाल्लंत का?"

जगातल्या प्रत्येक पाटीला जाब विचारणाऱ्या त्या माणसाला हे विचारणारं घरी कोणी नव्हतं. पट्टा गुंडाळून पेटीत गेला, तरी मास्तरांनी हात टेबलावरून उचलला नाही.