ड्रमातला दुश्मन

आमच्या परभणीच्या गल्लीत कुणी कुत्रा पाळतं, कुणी पोपट. शेजारच्या सटवाजीमामांनी मात्र दुश्मन पाळलाय. अंगणातल्या निळ्या ड्रमात. कुणी जवळ गेलं की ते बजावतात, "हात लावू नका. पळून जाईल."

हा दुश्मन म्हणजे जलपर्णी. फुगीर देठांची, जांभळ्या फुलांची, बघता बघता अख्खं पाणी झाकून टाकणारी. मामा पाटबंधारे खात्यात मुकादम होते. जिंतूरकडं पूर्णेच्या पात्रात मजुरांची टोळी घेऊन त्यांनी उभी नोकरी ही जलपर्णी उपसण्यात घालवली. इकडं काठावर ढीग लागायचा, तिकडं पात्र पुन्हा हिरवं. निवृत्तीच्या दिवशी खात्यानं शाल-नारळ दिला. मामांनी आपल्या जेवणाच्या डब्यात एक रोप घालून आणलं.

"लय छळलं भाऊ यानं," ते मला म्हणाले. "म्हनलं, चल घरी. बघतो तुला."

तेव्हापासून ही नजरकैद. रोज सकाळी मामा ड्रमाजवळ खुर्ची टाकून हजेरी घेतात. नवा फुटवा दिसला की "नवीन आरोपी!" अशी आरोळी. मग तो तोडून पत्र्यावर वाळत घालायचा, ही सजा. एकदा फुलांचा तुरा आला, तेव्हा मात्र सजा बंद. मी कारण विचारलं, तर खेकसले, "फुलावर असताना हात उचलत न्हाईत. कायदाच हाय तसा."

कुठला कायदा, ते मला अजून सापडलेलं नाही.

माणूस ज्याचा इतका राग करतो, ते घरी कशाला आणतो, याचं मला फार कुतूहल होतं. पण मामा "या की, च्या घ्या" म्हणाले, की मी काही तरी काम काढून सटकायचो. खरं सांगायचं तर बँकेतून आल्यावर मला काहीच काम नसतं.

गेल्या पावसाळ्यात समोरच्या शिंदेवहिनींच्या मुलीला डेंग्यू झाला. पोर बरी झाली, पण साऱ्या गल्लीनं ड्रमाकडं बोट दाखवलं. "तुमचं ऐकतील ते," असं म्हणून वहिनींनी मलाच पुढं केलं. माझा स्वभाव असा, की दुसऱ्याची छत्री हरवली तरी मलाच अपराध्यासारखं होतं. मी चाचरत विषय काढला. वाटलं होतं, मामा भांडतील. ते ड्रमाकडं बघत एवढंच म्हणाले, "लेकराचा जीव मोठा, भाऊ. उद्या सकाळी काढून टाकतो."

भांडले असते तर बरं झालं असतं.  दुपारी न राहवून आरोग्य केंद्रातल्या ओळखीच्या सिस्टरना फोन केला. त्या हसल्याच. "टाकून कशाला द्यायलात? गप्पी मासे सोडा की त्यात. डासाच्या अळ्या खाऊन टाकतात. या, देते."

संध्याकाळी पिशवीत पाणी आणि मासे घेऊन मी मामांच्या फाटकाशी आलो. मामी वारल्यापासून ते एकटेच असतात. मुलगा पुण्याला. खुर्ची ड्रमाला लावून, ताट मांडीवर घेऊन ते जेवत होते. आणि बोलणं चालू होतं.

"मेथी कडू लागायलीय का रं? का मीठच जास्ती झालंय?" आणखी एक घास घेतला. "तू तरी काय सांगनार म्हना. तुझी मामी गेली, टोळीतलं बी कुनी राहिलं न्हाई. वळखीचा तूच एक. ते बी उद्यापस्तोर."

माझ्या हातून फाटक वाजलं. मामा दचकले. मग खाकरून, आवाज चढवून म्हणाले, "झडती घ्यायलोय आरोपीची!"

मी पिशवी पुढं केली. "हे मासे सोडा आत. शिंदेवहिनींशी बोललोय मी. ड्रम हलवायचा नाही."

 पिशवी पाण्यावर टेकवून मामांनी मासे हळूच सोडले आणि वाकून बघत राहिले. मी निघायला वळलो, तर मागून आवाज आला, "जायलाव का?"

उत्तराची वाट न बघता ते आत गेले आणि दुसरं ताट वाढून घेऊन आले. ज्वारीची भाकरी, मेथीची भाजी.

"बसा. भाजी कशी झालीय, तेवढं सांगा."

मीठ फारच जास्त होतं. मी भाजी पुन्हा मागून घेतली.