बोरी बुद्रुकच्या मोटारीचं उड्डाण

एकतीस वेळा माणसं अंतराळात गेली, आणि एकतीसही वेळा त्याआधी माझ्या बाबांनी होकार दिला होता. बढाई वाटेल, पण तसं कागदावर आहे. बाबा, म्हणजे सोपान, बोरी बुद्रुकहून जुन्नरच्या शाळेत, तिथून पुण्याला आणि तिथून अमेरिकेत गेलेले इलेक्ट्रिकल इंजिनिअर. नियंत्रण कक्षात माणसं नेणाऱ्या यानाच्या वीजपुरवठ्याचं टेबल त्यांचं होतं. उड्डाणाआधी प्रत्येक टेबलाला विचारतात, तयार? एकानेही 'नाही' म्हटलं की यान जागचं हलत नाही. बाबांना जाऊन मार्चमध्ये वर्ष होईल. ऑफिसने पाठवलेल्या शोकपत्रात एकतीसही उड्डाणांची यादी आहे. बत्तिसावं तेवढं नाही. ते दहा हॉर्सपॉवरच्या मोटारीचं होतं.

१९९९चा फेब्रुवारी. बाबा पंधरा दिवसांच्या रजेवर गावी आले होते आणि मी पुण्याच्या हॉस्टेलवरून. कुकडीकाठच्या विहिरीतून आमच्या वस्तीच्या टाकीत पाणी चढवायची योजना तीन वर्षांपूर्वीच पूर्ण झाली होती. फक्त पाणी चढत नव्हतं. मोटार दोनदा जळली होती. माझी आजी चिमाबाई अडुसष्टाव्या वर्षी दोन हंडे घेऊन ती चढण चढत होती. बाबांनी तेरा दिवस खपून नवा स्टार्टर बोर्ड बसवला. चौदाव्या दिवशी उद्घाटन ठेवलं आणि पंधराव्या दिवशी त्यांचं विमान होतं.

"आई हंडा खाली ठेवते ते बघूनच जाणार," ते म्हणाले.

मोटारीला लागणारी थ्री फेज लाईट दुपारी दोन ते चारच असायची. "दोन तास म्हणजे चैन आहे. तिकडे उड्डाणाला कधीकधी दहाच मिनिटं मिळतात," बाबा म्हणाले.

दोन वाजता पंपघरापाशी गाव जमलं. टाकी वर टेकाडाआड, खालून न दिसणारी. फोटोग्राफर खाली होता. बाबांनी माझ्या हातात वही दिली आणि लोकांना नियम सांगितला. "बटणाआधी मी एकेकाला विचारणार. शंका असेल त्याने 'नाही' म्हणायचं. एक जरी 'नाही' आलं तरी मोटार चालू होणार नाही. शंका मिटली की पुन्हा पहिल्या नावापासून. यात लहानमोठा कोणी नाही."

ते इतके गंभीर का झाले, ते लोकांना कळलं नाही. त्यांच्या धंद्यात एकदा खालच्या इंजिनिअरांनी 'नाही' म्हटलं होतं आणि वरच्यांनी ते ऐकलं नव्हतं. सात माणसं परत आली नाहीत. गावाला मात्र एवढंच कळलं, की आज आपण 'नाही' म्हटलं तर अमेरिकासुद्धा थांबते.

वहीत चार नावं होती. पहिलं वायरमन गेणभाऊंचं.

"वायरिंग?"

"नाय."

बाबा दचकले. "कुठे लूज आहे?"

"वायरिंग एक नंबर हाय भाऊ. पन पत्रिकेत माझं नाव पार खाली, मंडपवाल्याच्याबी खाली. तुमीच म्हनला, शंका आसंल तर सांगा."

दुसरा कोणी असता तर हसून बटण दाबलं असतं. बाबांनी मला वहीत लिहायला लावलं, 'पत्रिका, नावांचा क्रम'. फळ्यावर खडूने नवा क्रम लिहिला, गेणभाऊ वर गेले. पुन्हा पहिल्यापासून.

"वायरिंग?"

"तयार."

"ग्रामपंचायत?"

सरपंच सयाजीरावांनी फळ्याकडे बघितलं. "सोपानराव, वायरमन सरपंचाच्या वर? मग आमचं नायच."

वीस मिनिटं गेली. दोन्ही नावं शेजारी शेजारी, एका ओळीत लिहिली. मग डावीकडे कोण, यात आणखी दहा. पुन्हा पहिल्यापासून. तिसरे राजुरीचे चांदमलशेठ. पाइप त्यांनी दिले होते.

"पाइपलाइन?"

"माझी काही अडचण नाही," शेठ म्हणाले. "फक्त स्पीकरवर एकदा दुकानाचं नाव झालं असतं तर... नाही म्हणजे, नाहीच समजा."

तोवर गर्दीत कुजबुज वाढली होती. "आमाला का नाय इचारत? आमी काय पावणं हाय का?" बाबांना तो मुद्दा पटला. वहीतली नावं चाराची एकवीस झाली. एकाने 'नाय' म्हटलं कारण एसटी फाट्यावर थांबत नाही. एकाने म्हटलं कारण शेजाऱ्याने 'तयार' म्हटलं होतं. मी सगळं लिहीत होते. पाच वर्षांतून एकदा होकार देऊन कंटाळलेल्या गावाला नकार सापडला होता, आणि तो फुकट होता.

चाराला सात मिनिटं असताना एकविसांनीही 'तयार' म्हटलं. सयाजीराव बटणापाशी गेले. फोटोग्राफरने कॅमेरा उचलला.

"एक राहिलं," बाबा म्हणाले. "आई, तुझं काय?"

वस्तीतल्या म्हातारीला गावासमोर कोणी काही विचारण्याची ती पहिलीच वेळ. मी वहीत बाविसावं नाव लिहिलं. आजीने पदर सारखा केला.

"नाय."

लोक हसले. सयाजीराव हसले नाहीत. "आता हिला काय पायजे? दाबतो मी."

बाबा बटणासमोर आडवे उभे राहिले. "सयाजीराव, नाही म्हणजे नाही."

"आवो, पाच मिन्टं हायती. उद्या तुमी चाललाय."

"चाललोय."

"मग?"

बाबा हलले नाहीत. चार वाजले. बोर्डावरचे तिन्ही दिवे विझले. सगळं गाव आजीकडे वळलं.

"आपल्या वस्तीवरली साळू टाकीत उतरलीया, घासायला," आजी म्हणाली. "दुपारपासनं."

"मग आदी का न्हाई बोलली?" सयाजीराव ओरडले.

"दोनदा बोलले. तुमी नावं लावत व्हता."

कोणीतरी म्हणालं, साळुबाईंना आजचा कार्यक्रम माहीत नव्हता का? त्यांना पत्रिका गेली नव्हती.

पहाटे बाबा गेले. आजी तेव्हा हंडे घेऊन विहिरीवर निघाली होती. त्यांनी गाडीतून मागे वळून बघितलं असेल, मला दिसलं नाही. मी अजून एक दिवस थांबले. त्याच दुपारी दोन वाजता लाईट आली, गेणभाऊंनी बटण दाबलं, आणि तीनच्या आत पाणी वस्तीत होतं.

संध्याकाळी ग्रामपंचायतीच्या फोनवर बाबांचा मुंबईहून फोन आला. विमानाला उशीर होता. आजीने रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला.

"आलं पानी. कुनी कुनाला इचारलं न्हाई, म्हनून आलं."

बाबांचा आवाज मलाही ऐकू आला. "आई, टाकीत कोणी नव्हतं ना?"

"व्हते की. साळू पुना उतरायला तयार हुईना, मग मीच गेले घासायला. कमरंपातूर आलं तवा वरडले. लई गार व्हतं रं."

गेणभाऊंनी बटण दाबण्याआधी माझ्याकडे बघून विचारलं होतं, "दाबू का ताई?" माझ्या हातात वही होती. मी तिच्यातली बावीस नावं बघितली, वही मिटली आणि म्हणाले, दाबा. आजीला ते नंतर कळलं होतं, पण तिने फोनवर सांगितलं नाही. बाबांना मी कधी तरी सांगणारच होते.